जयपूरच्या राजभवनातून राष्ट्रपती भवनाकडे : उमेदवार कसा ठरतो?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक कशी घ्यावी, याविषयी भारतीय राज्यघटनेत तपशीलवार तरतुदी आहेत. मात्र या पदासाठी राजकीय पक्षांनी आपला उमेदवार कसा निवडावा, याविषयी घटना मौन पाळते. अमेरिकेत इच्छुकांना राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांना सामोरे जावे लागते, जाहीर वादविवाद करावे लागतात आणि अखेर पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारीवर शिक्कामोर्तब होते. आपल्याकडे यातले काहीच होत नाही. नावे पुढे येतात, काही दिवस चर्चेत राहतात आणि मागे पडतात. अखेरीस एका सायंकाळी दिल्लीतील बैठकीनंतर एक नाव जाहीर होते आणि बहुतेक वेळा तेच नाव पुढील पाच वर्षे देशाच्या सर्वोच्च पदाशी जोडले जाते.

१४ जून २००७ रोजी असेच एक नाव जाहीर झाले. राजस्थानच्या तत्कालीन राज्यपाल प्रतिभा पाटील या संयुक्त पुरोगामी आघाडी व डाव्या पक्षांच्या उमेदवार असतील, अशी घोषणा काँग्रेस अध्यक्ष सोनिया गांधी यांनी केली. घोषणेच्या आदल्या दिवसापर्यंत वृत्तपत्रांमधून ज्यांच्या शक्यतांची चर्चा सुरू होती, त्यांच्या यादीत हे नाव अग्रभागी नव्हते. विशेष म्हणजे, विरोधी बाजूने ज्यांचे नाव पुढे आले ते तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत हे राजस्थानचे तीन वेळा मुख्यमंत्री राहिलेले नेते होते. म्हणजेच जयपूरच्या राजभवनातील एक व्यक्ती आणि जयपूरच्या राजकारणात आयुष्य घालविलेली दुसरी व्यक्ती यांच्यात ही लढत झाली. उमेदवार निवडताना पक्ष नेमके काय तोलतात, हे समजून घेण्यासाठी या निवडणुकीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पात्रतेची अट सोपी, संमतीची कठीण

घटनेच्या ५८ व्या कलमानुसार राष्ट्रपतिपदाचा उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय किमान ३५ वर्षे असावे आणि तो लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा. लाभाचे पद धारण करणाऱ्यास ही निवडणूक लढविता येत नाही, मात्र राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांची पदे या बंधनातून वगळण्यात आली आहेत. म्हणूनच पदावर असलेले राज्यपाल अथवा उपराष्ट्रपती यांच्या नावांचा विचार होण्यास कायद्याची आडकाठी नसते.

उमेदवारी अर्जावर निर्वाचक मंडळातील ५० सदस्यांची सूचक म्हणून आणि अन्य ५० सदस्यांची अनुमोदक म्हणून स्वाक्षरी असावी लागते. १५ हजार रुपये अनामत रक्कम भरावी लागते. केवळ हौस म्हणून अर्ज भरणाऱ्यांना रोखण्यासाठी १९९७ मध्ये या अटी कडक करण्यात आल्या. त्यामुळे प्रत्यक्षात मोठ्या पक्षांनी पुरस्कृत केल्याखेरीज कोणालाही या लढतीत उतरणे जवळपास अशक्य झाले आहे.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. राष्ट्रपतींची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. दिल्ली आणि पुदुच्चेरी येथील विधानसभांचे निर्वाचित सदस्यही या मंडळात असतात. नामनिर्देशित खासदारांना आणि विधान परिषदांच्या सदस्यांना मताधिकार नसतो. मतांचे मूल्य समान नसते. राज्याच्या १९७१ च्या जनगणनेतील लोकसंख्येला विधानसभेच्या सदस्यसंख्येने आणि पुन्हा एक हजाराने भागून आमदाराच्या मताचे मूल्य काढले जाते. या हिशेबाने महाराष्ट्रातील एका आमदाराचे मत १७५, राजस्थानातील आमदाराचे १२९, उत्तर प्रदेशातील आमदाराचे २०८ तर सिक्कीममधील आमदाराचे अवघे ७ इतक्या मूल्याचे ठरते. सर्व आमदारांच्या मतांच्या एकूण मूल्याला निर्वाचित खासदारांच्या संख्येने भागले की खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. २००७ मध्ये ते ७०८ होते आणि सर्व मतांचे एकूण मूल्य १० लाख ९८ हजार ८८२ इतके होते.

या आकड्यांचा राजकीय अर्थ स्पष्ट आहे. लोकसभेत सरकार चालविण्यासाठी लागणारे बहुमत आणि राष्ट्रपती निवडून आणण्यासाठी लागणारे बहुमत या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. राज्यांमधील सत्तेचे चित्र बदलले की दुसरे गणित बदलते, आणि त्यासोबत उमेदवाराविषयीच्या अपेक्षाही बदलतात.

२००७ चे गणित

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा कार्यकाळ जुलै २००७ मध्ये संपत होता. केंद्रात डॉ. मनमोहन सिंग यांचे आघाडी सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर चालत होते. २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या १४५ जागा मिळाल्या होत्या. स्वतःच्या बळावर राष्ट्रपती निवडून आणणे तिला शक्य नव्हते. डाव्या पक्षांची संमती अनिवार्य होती आणि द्रमुक, राष्ट्रवादी काँग्रेस, राष्ट्रीय जनता दल यांसारख्या मित्रपक्षांचे मतही विचारात घ्यावे लागणार होते.

त्यातच मे २००७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेचे निकाल लागले. बहुजन समाज पक्षाने २०६ जागा जिंकून स्वबळावर सत्ता मिळविली. प्रत्येकी २०८ मूल्याची २०६ मते म्हणजे ४२ हजार ८४८ इतके मूल्य एका पक्षाच्या हाती आले. मायावती यांनी संयुक्त पुरोगामी आघाडीच्या उमेदवारास अनुकूलता दर्शविल्याने पारडे सत्ताधारी बाजूकडे झुकले. त्यानंतर प्रश्न उरला तो कोणाच्या नावावर सर्वांचे एकमत होईल, एवढाच. मात्र हा ‘एवढाच’ प्रश्न सोडविण्यास अनेक आठवडे लागले.

नावे पुढे आली आणि मागे पडली

परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांचे नाव प्रारंभापासून चर्चेत होते. अनुभव, संसदीय कामकाजाची जाण आणि सर्व पक्षांशी असलेले संबंध या कसोट्यांवर त्यांच्याविषयी फारसे दुमत नव्हते. डाव्या पक्षांनाही ते नाव मान्य होण्यासारखे होते. अडचण वेगळीच होती. सरकार आणि लोकसभा या दोन्ही ठिकाणी त्यांच्यावर इतकी जबाबदारी होती की त्यांना मोकळे करता येणार नाही, अशी काँग्रेस पक्षाची भूमिका राहिली. एखादा नेता अतिशय उपयुक्त असणे हेच त्याच्या उमेदवारीच्या आड येऊ शकते, हा राष्ट्रपतिपदाच्या राजकारणातील एक विलक्षण भाग आहे. पाच वर्षांनंतर, २०१२ मध्ये, तेच मुखर्जी उमेदवार झाले आणि प्रतिभा पाटील यांच्यानंतर राष्ट्रपती झाले.

तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील हे दुसरे प्रमुख नाव होते. लातूरचे अनेक वेळा खासदार आणि १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष राहिलेल्या पाटील यांना घटनात्मक पदाचा अनुभव होता. २००४ मध्ये लातूरमधून पराभव होऊनही त्यांना गृहखाते देण्यात आले होते, यावरून पक्षनेतृत्वाचा त्यांच्यावरील विश्वास दिसून येतो. परंतु डाव्या पक्षांनी त्यांच्या नावाला संमती दिली नाही. गृहमंत्री म्हणून त्यांच्या कारकीर्दीविषयीची नाराजी आणि त्यांची धार्मिक वृत्ती ही कारणे त्या वेळच्या वृत्तांमधून सांगितली गेली.

सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांचेही नाव घेतले जात होते. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, आंध्र प्रदेशचे माजी राज्यपाल आणि त्या वेळी केंद्रीय ऊर्जामंत्री असलेल्या शिंदे यांच्या बाजूने त्यांचा प्रशासकीय अनुभव आणि दलित समाजातून आलेले नेतृत्व या दोन्ही गोष्टी होत्या. मात्र २००२ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भैरोसिंह शेखावत यांनी त्यांचा ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी पराभव केला होता. याखेरीज डॉ. करण सिंह, अर्जुन सिंह आणि मोतीलाल व्होरा या ज्येष्ठ नेत्यांची नावेही वेळोवेळी ऐकू येत होती.

एकामागून एक नावे अडत गेल्यानंतर महिला उमेदवाराचा विचार पुढे आला. स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे लोटली तरी राष्ट्रपतिपदावर एकही महिला आली नव्हती. या टप्प्यावर ज्येष्ठ गांधीवादी कार्यकर्त्या, नागपूरच्या निर्मला देशपांडे यांच्या नावाचीही चर्चा झाली. अखेरीस सोनिया गांधी यांनी प्रतिभा पाटील यांचे नाव मांडले आणि डाव्या पक्षांसह सर्व घटक पक्षांनी ते स्वीकारले.

प्रतिभा पाटील यांच्याच नावावर एकमत का झाले?

१९ डिसेंबर १९३४ रोजी जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या प्रतिभा पाटील यांनी १९६२ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी विधानसभेत प्रवेश केला. पुढे एदलाबाद, म्हणजे आताच्या मुक्ताईनगर मतदारसंघातून त्या सलग चार वेळा निवडून आल्या. राज्यात विविध खात्यांच्या मंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष आणि १९९१ ते १९९६ या काळात अमरावतीच्या खासदार, असा त्यांचा प्रवास झाला. ८ नोव्हेंबर २००४ रोजी त्या राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या.

या प्रवासातील काही टप्पे उमेदवारीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरले. १९७७ च्या पराभवानंतर काँग्रेसमधील अनेक नेत्यांनी इंदिरा गांधी यांची साथ सोडली, तेव्हा पाटील त्यांच्यासोबत राहिल्या. १९७९-८० मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार असताना त्या विरोधी पक्षनेत्या होत्या. पक्षनिष्ठा ही अशा प्रकारे सिद्ध झालेली होती. उलट पवार यांनी २००७ मध्ये त्यांच्या उमेदवारीला पाठिंबा दिला, हे महाराष्ट्राच्या राजकारणातील संबंध किती काळानंतरही उपयोगी पडू शकतात, याचे द्योतक होय.

दुसरा टप्पा जयपूरचा. राजस्थानात त्या वेळी वसुंधरा राजे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जनता पक्षाचे सरकार होते. राज्यपाल प्रतिभा पाटील, मुख्यमंत्री वसुंधरा राजे आणि विधानसभा अध्यक्ष सुमित्रा सिंह अशी तिन्ही प्रमुख पदे एकाच वेळी महिलांकडे असण्याचा दुर्मीळ योग त्या काळात जयपूरमध्ये जुळून आला होता. २००६ मध्ये राज्य विधानसभेने धर्मांतराला आळा घालण्यासाठी धर्मस्वातंत्र्य विधेयक मंजूर केले. राज्यपाल पाटील यांनी त्यावर स्वाक्षरी न करता ते परत पाठविले. भारतीय जनता पक्षाला हा निर्णय रुचला नाही. मात्र धर्मनिरपेक्षतेच्या मुद्द्यावर उमेदवार पारखून घेणाऱ्या डाव्या पक्षांच्या दृष्टीने ही गोष्ट अनुकूल ठरणारी होती.

तिसरी बाब नात्याची. त्यांचे पती देवीसिंह शेखावत हे अमरावतीचे पहिले महापौर होते आणि त्यांच्या घराण्याचे मूळ राजस्थानातील सीकर जिल्ह्यात होते. त्यामुळे पाटील या महाराष्ट्राच्या कन्या आणि राजस्थानच्या सूनबाई, असे वर्णन प्रचारात वारंवार केले गेले. समोरचा उमेदवारही शेखावत आणि तोही सीकर जिल्ह्याचाच, हा योगायोग राजस्थानातील वृत्तपत्रांना चांगलाच खाद्य पुरविणारा ठरला.

शेखावत यांची बाजू

भैरोसिंह शेखावत यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२३ रोजी सीकर जिल्ह्यातील खाचरियावास येथे झाला. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत ते जनसंघाचे उमेदवार म्हणून विधानसभेत पोहोचले. जहागिरदारी नष्ट करण्याच्या प्रश्नावर त्यांच्या पक्षाच्या बहुसंख्य आमदारांचा कल विरोधाकडे होता. स्वतः राजपूत असलेल्या शेखावत यांनी मात्र जहागिरदारी निर्मूलनाची बाजू घेतली. १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी राबविलेली, गावातील सर्वांत गरीब कुटुंबांपासून सुरुवात करणारी अंत्योदय योजना देशभर नावाजली गेली. १९९० आणि १९९३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. २००२ पासून उपराष्ट्रपती आणि राज्यसभेचे सभापती या नात्याने त्यांनी सर्व पक्षांत मित्र जोडले.

राष्ट्रीय लोकशाही आघाडीने त्यांना पाठिंबा दिला, तरी ते अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यामागील हेतू उघड होता. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षादेश बजावता येत नाही. पक्षाचे चिन्ह बाजूला ठेवल्यास विरोधी बाजूतील वैयक्तिक स्नेही आणि राजस्थानातील आमदार आपल्याला मत देतील, अशी अपेक्षा होती.

अनुभवाचा विचार केल्यास शेखावत यांचे पारडे हलके नव्हते. तिसऱ्या आघाडीतील पक्षांनी, म्हणजे समाजवादी पक्ष, तेलुगू देसम, अण्णा द्रमुक इत्यादींनी, डॉ. कलाम यांना दुसऱ्यांदा उभे राहण्याची विनंती केली होती. विजयाची खात्री असल्यासच विचार करू, असे डॉ. कलाम यांनी प्रथम सूचित केले आणि तशी खात्री नसल्याचे दिसताच राष्ट्रपती भवनाला वादात ओढू इच्छित नसल्याचे सांगून माघार घेतली. लोकांमध्ये सर्वाधिक लोकप्रिय असलेली व्यक्तीच लढतीबाहेर राहिली. लोकप्रियता आणि निर्वाचक मंडळातील मते यांचा थेट संबंध नसतो, हे यातून पुन्हा एकदा स्पष्ट झाले.

मराठी माणूस हा मुद्दा

जूनच्या अखेरच्या आठवड्यात या लढतीला निर्णायक वळण मिळाले. राष्ट्रीय लोकशाही आघाडीचा जुना घटक असलेल्या शिवसेनेने प्रतिभा पाटील यांना पाठिंबा जाहीर केला. महाराष्ट्राची व्यक्ती प्रथमच राष्ट्रपती होत असताना तिला विरोध करता येणार नाही, अशी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांची भूमिका होती. विचारसरणीने जवळ असलेल्या मित्रपक्षाचा उमेदवार एकीकडे आणि मराठी अस्मिता दुसरीकडे, अशा पेचात पक्षाने दुसऱ्या बाजूची निवड केली. महाराष्ट्रातील एका खासदाराचे ७०८ आणि आमदाराचे १७५ हे मूल्य लक्षात घेता हा पाठिंबा प्रतीकात्मक नव्हता.

महाराष्ट्रातील व्यक्तीने ही निवडणूक लढविण्याची मात्र ती पहिली वेळ नव्हती. १९६९ मध्ये काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधी यांची इच्छा डावलून नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली आणि इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकाने मतदान करण्याचे आवाहन करून व्ही. व्ही. गिरी यांच्या विजयाचा मार्ग मोकळा केला, हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्याच निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे उमेदवार होते रायगड जिल्ह्याचे सुपुत्र, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. त्यांना पहिल्या पसंतीची १ लाख १२ हजार ७६९ मूल्याची मते मिळाली. गिरी यांना पहिल्या फेरीत स्पष्ट बहुमत न मिळाल्याने देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीवर ठरण्याचा तो आजवरचा एकमेव प्रसंग आहे. उमेदवारीवरील मतभेदातून पुढे काँग्रेस दुभंगली. नाव निवडण्यात झालेली चूक पक्षाला किती महाग पडू शकते, याचा तो धडा होता आणि त्यानंतर पक्ष अधिक सावध झाले.

प्रचारातील आरोप आणि निकाल

एकमताने निवडलेला उमेदवार निर्विवाद असतोच असे नाही. पाटील यांच्या नावाची घोषणा होताच त्यांच्या पूर्वायुष्याची छाननी सुरू झाली. त्यांच्या पुढाकाराने जळगाव येथे स्थापन झालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता. या बँकेच्या कर्जवाटपावरून भारतीय जनता पक्षाने आरोप केले, तर काँग्रेसने ते फेटाळले. मोगल आक्रमणांच्या काळात स्त्रियांच्या रक्षणासाठी पडदा पद्धत सुरू झाली आणि आता ती संपली पाहिजे, या उदयपूर येथील त्यांच्या विधानावर इतिहासकारांनी आक्षेप घेतला. उमेदवार निवडताना मित्रपक्षांची संमती मिळते का, हे बारकाईने पाहिले गेले. व्यक्तीच्या सार्वजनिक कारकीर्दीची तितकीच बारकाईने तपासणी झाली होती का, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि तो अनाठायी नव्हता.

१९ जुलै रोजी मतदान आणि २१ जुलै रोजी मतमोजणी झाली. पाटील यांना ६ लाख ३८ हजार ११६ आणि शेखावत यांना ३ लाख ३१ हजार ३०६ मूल्याची मते मिळाली. वैध मतांपैकी सुमारे ६६ टक्के मते पाटील यांच्या पारड्यात पडली. गुप्त मतदानात आघाडीबाहेरची मते मिळण्याची शेखावत यांची अपेक्षा फलद्रूप झाली नाही. त्यांनी त्याच दिवशी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. १५ मे २०१० रोजी जयपूर येथे त्यांचे निधन झाले. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभा पाटील यांनी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली.

पक्ष इतका विचार का करतात?

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. मग या पदावर कोण आहे, याला पक्ष एवढे महत्त्व का देतात, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर त्या थोड्या प्रसंगांत आहे, जेव्हा सल्ला देणारे मंत्रिमंडळच अस्तित्वात नसते किंवा त्याचे बहुमत संशयास्पद असते. लोकसभा त्रिशंकू झाल्यास सरकार स्थापनेसाठी प्रथम कोणाला पाचारण करायचे, हे राष्ट्रपतींना ठरवावे लागते. २००७ मध्ये निवडली जाणारी व्यक्ती २००९ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी पदावर असणार होती, हे सर्व पक्ष जाणून होते.

याखेरीज राष्ट्रपती एखादे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. डॉ. कलाम यांनी मे २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक परत पाठवून सरकारला अडचणीत आणले होते. त्यामुळे आपल्या विचारांची, विश्वासातील आणि तरीही इतरांना मान्य होईल अशी व्यक्ती शोधणे हे सत्ताधारी पक्षाचे उद्दिष्ट असते. या तीन अटी एकाच वेळी पूर्ण करणाऱ्या व्यक्ती फार थोड्या असतात. राज्यपालपदावरील ज्येष्ठ नेते या शोधात वारंवार सापडतात, याचे कारण हेच. ते पक्षाचे असतात, परंतु काही वर्षे दैनंदिन राजकारणापासून दूर राहिल्यामुळे त्यांना नवे विरोधक निर्माण झालेले नसतात. तरीही हा मार्ग हमखास यशाचा नाही. २००२ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव राष्ट्रीय लोकशाही आघाडीत आघाडीवर असूनही काँग्रेसच्या विरोधामुळे मागे पडले आणि त्यातूनच डॉ. कलाम यांचे नाव पुढे आले.

त्यानंतरच्या निवडणुका

२००७ मध्ये दिसलेली सूत्रे पुढेही कायम राहिली. २०१७ मध्ये बिहारचे तत्कालीन राज्यपाल रामनाथ कोविंद यांना भारतीय जनता पक्षाने उमेदवारी दिली. विरोधकांच्या उमेदवार मीरा कुमार या बिहारच्या नेत्या असूनही, आणि काँग्रेस व राष्ट्रीय जनता दलाबरोबर त्या वेळी सत्तेत असूनही, नितीश कुमार यांच्या संयुक्त जनता दलाने कोविंद यांना पाठिंबा दिला. २०२२ मध्ये झारखंडच्या माजी राज्यपाल द्रौपदी मुर्मू उमेदवार झाल्या. काँग्रेसबरोबर सरकार चालविणाऱ्या झारखंड मुक्ती मोर्चाला पहिल्या आदिवासी राष्ट्रपतींना विरोध करणे शक्य झाले नाही. महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेनेही मुर्मू यांनाच पाठिंबा दिला. विरोधी आघाडीचे उमेदवार यशवंत सिन्हा यांची दीर्घ कारकीर्द या समीकरणापुढे फिकी पडली.

या तिन्ही निवडणुकांत समान धागा दिसतो. विजयी उमेदवाराचे नाव असे होते की विरोधी आघाडीतील किमान एका पक्षाला त्याला नकार देणे राजकीयदृष्ट्या परवडणारे नव्हते. २००७ मध्ये ते काम प्रांताच्या अभिमानाने आणि महिला उमेदवारीने केले. २०१७ मध्ये राज्यपाल म्हणून असलेल्या सौहार्दपूर्ण संबंधांनी, तर २०२२ मध्ये आदिवासी समाजाच्या प्रतिनिधित्वाने.

यात चांगले आणि चिंताजनक असे दोन्ही अंश आहेत. ज्या समाजघटकांना सर्वोच्च पदापर्यंत पोहोचण्याची वाट कधीच मोकळी नव्हती, त्यांच्यासाठी ती या राजकीय गणितातूनच मोकळी झाली, ही बाब नाकारता येणार नाही. खानदेशातील एका गावात जन्मलेली मुलगी राष्ट्रपती भवनात पोहोचली, याचे अप्रूप जळगाव-अमरावतीच नव्हे तर सबंध महाराष्ट्राला वाटले होते. दुसरीकडे, ज्या नावाला कोणीच हरकत घेत नाही तेच सर्वोत्तम नाव, असे समीकरण रूढ झाले तर पदासाठी आवश्यक असलेला स्वतंत्र बाणा हाच अवगुण ठरण्याचा धोका संभवतो. प्रतिभा पाटील यांच्या कार्यकाळाचे मूल्यमापनही या दोन टोकांमध्ये होत राहिले. २००९ मध्ये जनतेने स्पष्ट कौल दिल्याने त्यांच्यासमोर सरकार स्थापनेचा पेच आला नाही. कार्यकाळाच्या अखेरीस परदेश दौऱ्यांच्या खर्चावर टीका झाली आणि निवृत्तीनंतरच्या निवासासाठी पुण्यात लष्कराच्या जमिनीवर होणाऱ्या बांधकामावरून वाद उद्भवताच, एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी ते घर नाकारले.

जयपूर आणि महाराष्ट्र यांचे नाते मात्र पुढेही टिकले. त्यापूर्वी १९८५ ते १९८७ या काळात वसंतदादा पाटील तेथे राज्यपाल होते. नंतर प्रभा राव यांनी ते पद भूषविले आणि २०१० मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यानंतर राजस्थानच्या राज्यपालपदाचा अतिरिक्त कार्यभार ज्यांच्याकडे आला, ते पंजाबचे तत्कालीन राज्यपाल म्हणजे शिवराज पाटील. २००७ च्या जूनमध्ये ज्यांचे नाव मागे पडल्याने जयपूरच्या राज्यपाल राष्ट्रपती भवनाकडे निघाल्या, तेच तीन वर्षांनी जयपूरच्या राजभवनात पोहोचले. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील हरिभाऊ बागडे यांचीही याच पदावर नियुक्ती झाली.

द्रौपदी मुर्मू यांचा पाच वर्षांचा कार्यकाळ २५ जुलै २०२२ रोजी सुरू झाला. घटनेच्या ६२ व्या कलमानुसार कार्यकाळ संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक पूर्ण करावी लागते. अशा प्रत्येक निवडणुकीच्या आधीच्या काही आठवड्यांत संभाव्य नावांची यादी वृत्तपत्रांतून झळकू लागते. ती वाचताना कोण किती मोठा नेता आहे, याबरोबरच त्या नावाला नकार देणे कोणत्या पक्षाला अवघड जाईल, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारून पाहावा. उमेदवाराचा अंदाज बांधण्यास त्याची मदत होईल. मात्र ती व्यक्ती त्या पदावर बसल्यावर, गरज पडल्यास, स्वतः नकार देऊ शकेल का, हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो विचारण्याची जबाबदारी मताधिकार नसलेल्या नागरिकांवरही आहे.